विश्लेषण : चौदाव्या वर्षीचे बाळंतपण, दहा दिवसांचे मूल… डॉ. आनंदीबाई जोशींच्या कथेतील कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही?

डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट मराठी घरांत जवळपास पाठ असते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, दहा दिवसांत ते दगावले, त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय, अमेरिका, पदवी आणि बाविसाव्या वर्षाच्या आत मृत्यू. शाळेच्या पुस्तकात, कादंबरीत, नाटकात, २०१९ मधील चित्रपटात हाच क्रम येतो. त्यातले मूल मात्र एका वाक्यात येते आणि एका वाक्यात जाते. वेळेवर डॉक्टर मिळाला नाही म्हणून मूल गेले, असे सांगून कथा पुढे सरकते. मुलाची आई अवघी चौदा वर्षांची होती, ही बाब कारण म्हणून नव्हे, तर केवळ तपशील म्हणून येते. आनंदीबाईंचे आयुष्य या एका तपशिलाच्या बाजूने पाहिले तर काय दिसते?

यमुनेचे लग्न कसे झाले?

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराला जमीनजुमल्याची जुनी प्रतिष्ठा होती, पण दिवस उतरते होते. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की स्थळ शोधायचे, ही त्या काळच्या ब्राह्मण घरांतील रीत. पाळी येण्यापूर्वी मुलीचे लग्न झाले नाही तर दोष बापाच्या माथी, अशी समजूत होती. त्यामुळे घाई वडिलांना असे, मुलीला कोणी विचारत नसे.

३१ मार्च १८७४ रोजी, म्हणजे बरोबर नवव्या वाढदिवशी, यमुनेचे लग्न गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि तिच्याहून सुमारे २० वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवू देणार असाल तरच लग्न करतो, अशी त्यांची अट होती. सासरी यमुनेची आनंदी झाली.

ही अट त्या काळात विलक्षणच होती. तिचे श्रेय गोपाळरावांना द्यावेच लागते. पण शिक्षणाचा आग्रह आणि संसाराचा आरंभ या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या नाहीत. मुलगी शिकावी असे वाटणाऱ्या या सुधारकाला, ती निदान सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत आई होऊ नये, असे वाटल्याचे दिसत नाही. त्या काळातील बहुतेकांना तसे वाटत नव्हते, हेही खरे.

शिक्षण कसे चालले होते?

गोपाळरावांच्या बदल्या होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढे कलकत्ता असा हा प्रवास. ते स्वतः धडे देत, मिशनऱ्यांच्या शाळेतही बायकोला पाठवीत. नवरा-बायको रस्त्याने बरोबर चालले तरी लोक थांबून पाहत, टोमणे मारत. मराठी-इंग्रजी लिहिता-वाचता येणारी, पायांत बूट घालणारी ब्राह्मणाची सून हा त्या गावांसाठी तमाशाचा विषय होता.

घरात हा आग्रह मायेनेच चाले असे नाही. अभ्यास चुकला की मार बसे. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी त्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मार, बाराव्या वर्षी सोडून जाण्याच्या धमक्या, अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या असा त्यांचा हिशेब आहे. हिंदू स्त्रीला नवऱ्यापुढे बोलण्याचा अधिकार नसतो आणि म्हणून सगळे मुकाट सोसावे लागते, असा त्या पत्राचा आशय. सात समुद्र पार गेल्यावर, हाती स्वतःचे शिक्षण आल्यावर, हे त्या लिहू शकल्या. लोकप्रिय कथेत हा मार बहुधा कडक पण प्रेमळ गुरूचा मार होतो. दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्या घरात कशालाही नाही म्हणण्याची कितपत सोय होती, याचा अंदाज मात्र त्या पत्रांवरून येतो.

चौदाव्या वर्षी नेमके काय घडले?

त्या काळी मुलीला न्हाण आले की घरात सोहळा असे. तिला मखरात बसवीत, गोडधोड करीत आणि काही दिवसांतच गर्भाधानाचा विधी होई. पहिल्या ऋतूनंतर सोळा दिवसांच्या आत हा विधी झालाच पाहिजे, असा सनातनी पक्षाचा आग्रह होता. म्हणजे मुलीच्या शरीराने पहिली खूण दाखवताच संसार सुरू. बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी आली तर चौदाव्या वर्षी पाळणा हलणे, हा या हिशेबाचा साधा परिणाम होता. आनंदीबाईंच्या बाबतीत तेच झाले. त्या चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. गोपाळरावांनी तेव्हा तिशी ओलांडलेली होती. मूल दहा दिवस जगले. बारसे बाराव्या दिवशी होते. तिथपर्यंतही ते पोहोचले नाही.

मूल कशाने गेले? चरित्रकार एवढेच सांगतात, की आवश्यक ती वैद्यकीय मदत मिळाली नाही. यापलीकडे अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण त्या काळातील बाळंतपण कसे होई, हे माहीत आहे. घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली बाळंतिणीला मिळे. बाहेरचे वारे लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद. खाटेखाली शेगडी, धुरी. सुईण अनुभवी असली तरी हात धुण्याची, नाळ कापण्याचे पाते उकळून घेण्याची पद्धत नव्हती. लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेचे तंत्र मांडून जेमतेम १० वर्षे झाली होती. ते बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचायला आणखी काही दशके जायची होती. बाई अडली तर पुरुष डॉक्टरला आत येऊ देणे म्हणजे अब्रूचा प्रश्न. स्त्री डॉक्टर तर नव्हतीच.

या शेवटच्या मुद्द्यावर आनंदीबाईंनी बोट ठेवले आणि आयुष्य पणाला लावले. स्त्रिया पुरुष डॉक्टरला दुखणे सांगत नाहीत, तर स्त्रीनेच डॉक्टर झाले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो अचूक होता, पण अर्धा होता.

राहिलेला अर्धा भाग कोणता?

पाळी सुरू होणे आणि शरीर बाळंतपणाला तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळी आल्यानंतरही मुलीची उंची आणि कमरेचे हाड काही वर्षे वाढत असते. कमरेच्या हाडांतून मूल बाहेर येण्याची जी वाट, ती पूर्ण रुंद झालेली नसते. अशा वेळी दिवस राहिले तर बाळंतपण अडण्याची शक्यता वाढते. कळा तासन् तास, कधी दोन-तीन दिवस चालतात. मुलाच्या डोक्याचा दाब एकाच जागी राहून आतील भाग कुजतो आणि लघवीवर ताबा राहत नाही, अशी इजा होते. ज्या मुली यातून जगत, त्या अनेकदा आयुष्यभर घराच्या कोपऱ्यात राहत.

दुसरा भाग अन्नाचा. वाढत्या वयातील मुलीला स्वतःसाठीच लोह, चुना, प्रथिने लागतात. पोटातील गर्भ त्याच साठ्यातून घेतो. आईच्या अंगात रक्त कमी, मुलाचे वजन कमी. जागतिक आरोग्य संघटनेनुसार १० ते १९ वयाच्या मातांना झटके येणे, बाळंतपणानंतर गर्भाशयाला संसर्ग होणे असे धोके २० ते २४ वयाच्या मातांपेक्षा जास्त असतात. त्यांची मुले अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची जन्मण्याची आणि जन्मतः गंभीर आजारी असण्याची शक्यताही जास्त. म्हणजे स्त्री डॉक्टर उशाशी बसलेली असती, तरी चौदा वर्षांच्या आईचे बाळंतपण जोखमीचेच राहिले असते.

हे ज्ञान आधुनिकच आहे असेही नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात याविषयी स्पष्ट बजावले आहे. सोळा वर्षांच्या आतील मुलीला पंचविशीच्या आतील पुरुषापासून गर्भ राहिला तर तो पोटातच दगावतो, जन्मला तर फार जगत नाही आणि जगला तर दुबळा राहतो, असा त्याचा भावार्थ. ज्या समाजात धर्मशास्त्राच्या नावाने गर्भाधानाची घाई होत होती, त्याच समाजाच्या वैद्यकशास्त्रात हा इशारा हजारावर वर्षे पडून होता.

अमेरिकेचा मार्ग कसा उघडला?

गोपाळरावांनी १८८० मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डर यांनी ते आपल्या नियतकालिकात छापले. धर्म बदलल्याशिवाय मदत कठीण, असा त्यांचा सूर होता. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर या बाईंनी तो अंक दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला आणि आपणहून पत्र धाडले. दोघींचा पत्रव्यवहार वाढत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

याच काळात कलकत्त्यात त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनच ताप, दम लागणे. कारपेंटर मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. वय तेव्हा सतरा-अठरा. अमेरिकेच्या थंडीने आनंदीबाईंचा बळी घेतला असे म्हटले जाते. पण जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीच त्यांचे शरीर खंगू लागले होते, हे विसरले जाते.

बायको एकटी परदेशी जाणार म्हटल्यावर गदारोळ झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी हुगळीकाठच्या सेरामपूर येथे, कॉलेजच्या सभागृहात, आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे, इथे शिकण्याची सोय का नाही, एकटी का जाते, जातीबाहेर टाकले तर काय, अशा एकेका आक्षेपाला त्यांनी उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी भर सभेत सांगितले. भाषणाची वृत्तपत्रांत चर्चा झाली, ठिकठिकाणांहून मदत आली. व्हाइसरॉयनेही २०० रुपये दिले. सोन्याच्या बांगड्या मोडल्या गेल्या. ७ एप्रिल रोजी जहाज कलकत्त्याहून निघाले आणि ४ जूनला न्यूयॉर्कला लागले. बरोबर घरचे कोणी नव्हते.

बालविवाहाबद्दल त्यांचे मत काय होते?

इथे आनंदीबाईंची प्रतिमा गुंतागुंतीची होते. फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला, डीन रेचल बोडली यांनी आस्थेने शिष्यवृत्तीची व्यवस्था लावली. हिंदुस्थानातील या तरुण विद्यार्थिनीविषयी कुतूहल असल्याने तिला सभांना बोलावणी येत. मिशनरी स्त्रियांच्या मेळाव्यात बालविवाह या विषयावर बोलण्याची वेळ आली तेव्हा, श्रोत्यांच्या अपेक्षेच्या अगदी उलट, त्यांनी त्या प्रथेची बाजू घेतली, असे चरित्रातून कळते.

चौदाव्या वर्षी मूल गमावलेल्या बाईने असे का करावे? एक कारण समजण्यासारखे आहे. समोर बसलेल्यांना हिंदू समाज रानटी असल्याचा पुरावा हवा होता आणि तो एका हिंदू स्त्रीच्या तोंडून हवा होता. तो पुरवणे म्हणजे आपल्याच माणसांविरुद्ध साक्ष देणे. ज्या देशाने बोटीवर चढताना आपल्याला धर्मभ्रष्ट ठरवू पाहिले, त्याच देशाची इभ्रत राखण्याची जबाबदारी या मुलीने अंगावर घेतली होती. साडी नेसणे, शाकाहार, कुंकू यांतले काहीच तिने सोडले नव्हते. पण म्हणून भूमिका बरोबर ठरत नाही. तिच्याच पत्रांतील मारझोडीचे उल्लेख आणि ही सार्वजनिक बाजू एकमेकांशेजारी ठेवली, की घरच्या माणसाला लिहिलेले सत्य आणि परक्यांपुढे मांडलेले सत्य यांतील अंतर कळते. हे अंतर आजही अनेक घरांत आहे.

तिच्या प्रबंधाचा विषयही याच संदर्भात पाहावा लागतो. एमडीसाठी तिने निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वैद्यकाच्या इतक्या शाखा असताना, बाळंतपणात मूल गमावलेल्या विद्यार्थिनीने बाळंतपणच निवडले. संस्कृत ग्रंथांतील गर्भिणीची काळजी, प्रसूती, नवजात मुलाची जोपासना हे तिने अमेरिकी प्राध्यापकांपुढे मांडले. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. समारंभाला नात्यातल्या पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. पण अमेरिकेतील पदवी घेणारी पहिली हिंदू स्त्री हा मान आनंदीबाईंचा.

परत आल्यावर काय झाले?

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली होती. म्हणजे अडलेल्या बाळंतिणीसमोर स्त्री डॉक्टर उभी राहणार होती. तसे झाले नाही. फिलाडेल्फियातील शेवटच्या काळातच क्षयाने अंग पोखरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या गोपाळरावांसह मुंबईला उतरल्या. गोपाळराव दरम्यान अमेरिकेत पोहोचले होते आणि तिथे व्याख्याने देत अमेरिकी समाजाचेच वाभाडे काढत होते. (हेच ते गोपाळराव, ज्यांनी पुढे १८९० मध्ये पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये चहापान घडवून आणले, हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि टिळक-रानड्यांसह अनेकांना ग्रामण्याच्या फेऱ्यात अडकवले.)

पुण्यात औषधोपचार झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. एकाही रुग्णालयात त्यांना स्वतःच्या नावाने काम करता आले नाही. ‘केसरी’सह सगळ्या पत्रांनी हळहळ व्यक्त केली. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कारपेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत त्यांचा दगड आजही आहे.

त्याच आठवड्यात मुंबईत कोणता निकाल लागला?

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर सहाव्या दिवशी, ४ मार्च १८८७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंच्या खटल्यात निकाल दिला. महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, असा तो निकाल होता. रखमाबाई आनंदीबाईंपेक्षा काही महिन्यांनीच मोठ्या. त्यांचेही लग्न अकराव्या वर्षी झालेले. फरक एका माणसाचा होता. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्यकीय शिक्षक होते आणि मुलगी वयात येताच तिला नांदायला पाठवण्यास त्यांनी नकार दिला. रखमाबाईंची आई जयंतीबाई स्वतः पंधराव्या वर्षी आई झाल्या होत्या आणि सतराव्या वर्षी विधवा. म्हणजे लवकर आलेले आईपण त्या घराने पाहिले होते.

रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली, पण नवऱ्याकडे गेल्या नाहीत. १८८८ मध्ये २ हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांवर उपचार केले. १९५५ पर्यंत त्या जगल्या. एकाच पिढीतील, एकाच प्रांतातील या दोन डॉक्टर. एकीचा संसार पाळी येताच सुरू झाला, दुसरीचा थांबवला गेला. एवढ्यावरून एकीचे आयुष्य बावीस आणि दुसरीचे नव्वद वर्षांचे झाले असे म्हणता येणार नाही, क्षयाला वयाची अट नव्हती. पण एका मोठ्या माणसाने वेळेवर म्हटलेल्या नाहीने मुलीच्या हाती काय उरते, हे रखमाबाईंच्या आयुष्यात दिसते.

कायदा कधी बदलला?

आनंदीबाई आई झाल्या तेव्हा १८६० च्या दंडसंहितेनुसार संमतीचे वय १० होते, आणि ते पत्नीलाही लागू होते. दहा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या ताब्यात गेली तर कायद्याची काही हरकत नव्हती. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. दहा वर्षे ओलांडलेली, पण बारा न भरलेली ही मुलगी पस्तिशीतल्या नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. वयाने ती दहाच्या पुढे असल्याने बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही. नवऱ्याला एका वर्षाची सक्तमजुरी झाली.

त्यानंतर १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला आणि दहाचे बारा झाले. दोन वर्षांच्या या वाढीवरून महाराष्ट्र दुभंगला. बेहरामजी मलबारी, रानडे, आगरकर, भांडारकर एका बाजूला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणणारे टिळक दुसऱ्या बाजूला. भांडारकरांनी धर्मशास्त्राचेच आधार काढून पहिल्या ऋतूला गर्भाधान बंधनकारक नसल्याचे दाखवले. ज्या पत्राने आनंदीबाईंसाठी अश्रू ढाळले, त्याच पत्राने या विधेयकाला कडाडून विरोध केला. आनंदीबाईंच्या मुलाच्या मृत्यूत आईच्या वयाचा वाटा कोणी शोधलाच नव्हता, त्यामुळे या विसंगतीची जाणीव त्या पत्राला झाली नसावी.

लवकर येणारे आईपण हा स्वतंत्र सामाजिक प्रश्न आहे, हे सरकारी कागदावर यायला १९२९ उजाडले. वऱ्हाडचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर फिरून डॉक्टर, स्त्रिया, शास्त्री यांच्या साक्षी घेतल्या आणि कमी वयातील मातृत्व हा मोठा अनर्थ असल्याचा निष्कर्ष काढला. सती जाणाऱ्या मोजक्या होत्या, पण हे संकट लाखो घरांत रोज घडत होते. त्याच वर्षी शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरले. म्हणजे आनंदीबाईंनी मूल गमावले ते वय, पन्नास वर्षांनी, लग्नाचे किमान वय झाले. ते १९४९ मध्ये १५ आणि १९७८ मध्ये १८ झाले.

आज परिस्थिती काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गर्भवती होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ७.६ टक्के. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाच्या आत लग्न झालेल्या देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९ टक्के. कारणे आता शास्त्राची राहिलेली नाहीत. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, सातवी-दहावीनंतर शाळा लांब, हुंड्याचा आकडा मुलीच्या वयाबरोबर चढतो, गावात नाव होईल ही भीती. बीड, परभणी, जालन्याच्या पट्ट्यात ही कारणे वर्षानुवर्षे ऐकू येतात.

बदल झाला तो आनंदीबाईंनी मागितलेल्या अर्ध्या भागात. स्त्री डॉक्टर आहे, सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे, गावात आशा सेविका आहे. मात्र नवा पेच उभा राहिला आहे. अठरा वर्षांखालील मुलगी गर्भवती असेल तर पोक्सो कायद्यानुसार रुग्णालयाला पोलिसांना कळवावेच लागते. तो नियम मुलीच्या रक्षणासाठी आहे. पण जावयावर, बापावर गुन्हा दाखल होईल या धास्तीने कुटुंब रुग्णालयाची पायरीच टाळते. मग आधार कार्डावरचे वय वाढवून सांगणे, दूरच्या तालुक्यात नाव न ओळखणाऱ्या दवाखान्यात जाणे, नाहीतर घरीच बाळंतपण. गर्भपाताची मुभा २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी २४ आठवड्यांपर्यंत आहे. पण पोलिसांच्या भीतीने ती मुदतही निघून जाते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ही अडचण ओळखली. मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरांनी पोलिसांना दिलेल्या माहितीत उघड करण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. तालुक्याच्या किती रुग्णालयांत ही सवलत प्रत्यक्ष सांगितली जाते, यावर त्या मुलीचा पुढचा दिवस ठरतो.